कॅमेऱ्याचे माप शरीराला लावू नका

तुळशीचे लग्न आटोपले आणि धान घरात आले की गोंदिया जिल्ह्यात लग्नसराईची लगबग सुरू होते. मंडप, वाजंत्री आणि आचारी यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक खर्च आला आहे, तो ‘प्री-वेडिंग’चा. भाड्याचे गाऊन, दोन-तीन कपड्यांचे जोड आणि ड्रोन घेऊन मंडळी सालेकसा तालुक्यातल्या हाजरा फॉलला किंवा नवेगावबांधच्या जलाशयावर पोहोचतात. दिवसभर चित्रीकरण होते आणि त्यातून तीन-चार मिनिटांची फिल्म तयार होते. मोठे डिझायनर आपले कपडे दाखवण्यासाठी ज्या ‘फॅशन फिल्म’ बनवतात, त्यांचीच ही घरगुती आवृत्ती म्हणायला हरकत नाही. चाल, कपडे, पार्श्वसंगीत आणि वाऱ्यावर उडणारी ओढणी, सगळे तेच.

एडिटिंगच्या टेबलावर मात्र एक मागणी हमखास होते. ‘चेहरा जरा उजळ करून द्या.’ पाठोपाठ दुसरी, ‘दंड आणि कंबर थोडी बारीक दिसू द्या.’ संगणकावर हे काम काही सेकंदांचे असते. कळ सरकवली की सावळी नवरी गोरी होते, भरलेली मुलगी सडपातळ होते. फिल्म बघून सगळे खूश होतात आणि तिथे विषय संपायला हवा.

तो तिथे संपत नाही, हीच अडचण आहे. पडद्यावर दिसलेला चेहरा लग्नाच्या दिवशी मांडवातही दिसावा, असे वाटू लागते. मग कुणी क्रीम सुचवते, कुणी पावडर, कुणी रात्रीचे जेवण सोडायला सांगते. संगणकाने जे फुकट केले, ते शरीराकडून करून घ्यायला गेल्यावर त्याची किंमत शरीरच मोजते. ही किंमत किती असू शकते, हे विदर्भानेच पाहिले आहे.

अकोल्याचा धडा

मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदियाहून मुंबईच्या दिशेने निघाले की नागपूर, वर्ध्यानंतर अकोला लागते. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी वृत्तपत्रांत आली होती. आई आणि दोन मुली अशा तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार झाला. एकाच घरात, एकाच सुमारास, तिघींना तोच आजार कसा, हे कोडे सोडवता सोडवता मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांसह तपास करणारी मंडळी एका डबीपर्यंत पोहोचली. तिघीही त्वचा उजळण्यासाठी एकच क्रीम लावत होत्या आणि त्या क्रीममध्ये पाऱ्याचे प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट जास्त निघाले.

हा एकटा-दुकटा प्रकार नव्हता. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपथी’ या मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण आढळले. त्यापैकी १५ जणांमध्ये एका विशिष्ट, एरवी क्वचित दिसणाऱ्या प्रकाराची खूण होती आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. हा अभ्यास २०२४ मध्ये ‘किडनी इंटरनॅशनल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दिलासा एवढाच की क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारत गेली.

पारा क्रीममध्ये घालतात तरी कशाला? आपल्या त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्यासाठी ‘टायरोसिनेज’ नावाचे विकर लागते. पारा त्या विकराचे काम रोखतो. त्यामुळे काही आठवड्यांत चेहरा खरोखरच उजळतो आणि ‘क्रीम गुणकारी आहे’ असे वाटते. पण तो पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. तिथली गाळणी सैल होते, लघवीतून प्रथिने वाहून जाऊ लागतात, लघवीला फेस येतो, पायांवर आणि डोळ्यांभोवती सूज चढते. घरात एकीने क्रीम लावले तरी पाऱ्याचा अंश हातांवरून, टॉवेलवरून, उशीच्या अभ्र्यावरून लहान मुलांपर्यंत पोहोचू शकतो.

भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवती लावायची प्रसाधने वगळता इतर कोणत्याही प्रसाधनात अनवधानाने आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातील देशांनी २०२३ मध्ये एक पाऊल पुढे टाकले आणि पारा मिसळलेली सगळीच सौंदर्यप्रसाधने २०२५ नंतर बंद करण्याचे ठरवले. मुदत उलटून गेली. पण ज्या डबीवर उत्पादकाचे नाव नाही, परवाना क्रमांक नाही, घटकांची यादी नाही, तिला कोणता करार लागू होणार?

मलमाचा दुसरा सापळा

पाऱ्यापेक्षाही सहज हाताशी असतो तो स्टिरॉइडचा सापळा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही एक्झिमा, सोरायसिससारख्या आजारांवरची खरी औषधे आहेत. डॉक्टरांनी ठरवलेल्या जागी, ठरवलेल्या दिवसांपुरती ती लावली तर उपयोगी पडतात. पण या मलमांनी त्वचा तात्पुरती उजळते, हे लक्षात आल्यापासून ती चेहऱ्याची क्रीम म्हणून खपू लागली. काहींत स्टिरॉइडच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असते.

देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या त्वचेच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी त्वचारोगतज्ज्ञांनी केली होती. ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातले ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरने दिलेलेच नव्हते. मैत्रिणीने, दुकानदाराने, पार्लरमध्ये कुणीतरी सुचवले होते.

असे मलम महिनोन् महिने लावले की त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे उसळतात, कुणाच्या चेहऱ्यावर लव वाढते. थांबवले की आग होते आणि चेहरा आधीपेक्षा काळवंडतो. मग पुन्हा तेच मलम. हे दुष्टचक्र इतके वाढले की २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टिरॉइड मलमांचा समावेश ‘शेड्यूल एच’मध्ये केला. म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम कागदावर स्पष्ट आहे. गल्लीतल्या दुकानात तो किती पाळला जातो, हे वाचकांनी आपल्याच अनुभवाशी ताडून पाहावे.

आणि हे सगळे कशासाठी? गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत रंगपेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन तयार करतात आणि ते कसे पसरवतात याचा. उन्हातल्या अतिनील किरणांपासून पेशींतल्या जनुकांचे रक्षण करणारी ती छत्री आहे. चिखलात उभे राहून धानाची रोवणी करणाऱ्या बाईच्या अंगावरचा रंग हा तिच्या शरीराने तिच्यासाठी केलेला बंदोबस्त आहे. तो पुसायला निघणे म्हणजे ऐन उन्हाळ्यात घराचे छप्पर काढण्यासारखे आहे.

उजळ की फिकट?

गोंदियासाठी या विषयाला आणखी एक पदर आहे आणि तो मुंबई-पुण्याच्या चर्चेत कधी येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्राचा आकडा ५४.२ टक्के होता. त्यात पूर्व विदर्भात सिकलसेलची भर आहे. या आजारात लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर मरतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, ती आपल्यासारख्याच भागांसाठी.

रक्त कमी झाले की अंगावर फिकटपणा येतो. गोरेपणाचे वेड असलेल्या घरात या फिकटपणाचे कौतुकही होऊ शकते. ‘पोर उजळली हो!’ असे म्हणत आपण हिमोग्लोबिन घसरलेल्या मुलीची पाठ थोपटत असू, तर यापेक्षा मोठी थट्टा कोणती? म्हणून सावळ्या माणसाचा रक्तक्षय तपासताना डॉक्टर गालाकडे पाहत नाहीत. खालची पापणी ओढून आतला भाग, जीभ, नखे आणि तळहात पाहतात. नेमका हाच फरक मोबाइलचा फिल्टर पुसून टाकतो. त्याच्या लेखी निरोगी गोरी, रक्तक्षयाची फिकट आणि संगणकाने उजळलेली, तिघी सारख्याच.

बारीक होण्याच्या हट्टाचेही तसेच. सिकलसेलच्या रुग्णाला उपाशी राहून, पाणी कमी पिऊन वजन उतरवणे महागात पडू शकते, कारण शरीरातले पाणी कमी झाले की वेदनांचा झटका येण्याची शक्यता वाढते. आपल्याला सिकलसेल आहे की नाही, किंवा आपण वाहक आहोत का, हेच माहीत नसलेली तरुण मुलगी लग्नाआधी ‘डाएट’ सुरू करते तेव्हा धोका दुप्पट होतो.

दोन प्राध्यापकांचे छायाचित्र

मग सडपातळ असणे म्हणजे निरोगी असणे, एवढे तरी खरे का? याचे सर्वात बोलके उत्तर एका भारतीय संशोधकाने स्वतःचेच शरीर पुढे करून दिले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे एकत्र छायाचित्र छापले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या तुलनेतले वजन, अगदी सारखा होता, २२.३. पाहणारा म्हणेल, दोघेही सडपातळ, दोघेही ठणठणीत. प्रत्यक्षात युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ असे नाव पडले.

याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात याचे मूळ जन्माआधीच असल्याचे दिसले. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. आपली बाळे लहान, स्नायूंनी कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकवून धरलेली. मधुमेहाचा धोका आपल्याकडे कमी वजनातही का दिसतो, याचे बरेचसे उत्तर इथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे गेला की सावध व्हा असे सुचवले, ते याच कारणाने. इतरत्र ही रेषा २५ वर आहे.

याचा अर्थ ‘अंगापिंडाने भरलेले सगळेच निरोगी’ असा काढू नये. पोटाचा घेर वाढणे आपल्यासाठी धोक्याचेच आहे. अर्थ एवढाच की डोळ्यांना दिसणारे शरीर आणि आतले शरीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंबर मोजायची टेप, रक्तातली साखर, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन हे आरोग्याचे माप. छायाचित्र हे त्याचे माप नव्हे. आणि आपण मुलीला नावे ठेवतो तेव्हा यातले काहीच मोजलेले नसते.

चित्र मन घडवते

चित्रांचा माणसाच्या मनावर किती परिणाम होतो, हे फिजी बेटांवरच्या एका अभ्यासात दिसले. त्या समाजात भरलेले शरीर चांगल्या घराचे लक्षण मानले जाई. १९९५ मध्ये तिथल्या नाड्रोगा भागात दूरचित्रवाणी आली. अॅन बेकर आणि सहकाऱ्यांनी दूरचित्रवाणी आल्यावर लगेच आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याविषयीच्या बिघडलेल्या वृत्तीची खूण १२.७ टक्के मुलींमध्ये होती, ती तीन वर्षांत २९.२ टक्क्यांवर गेली. वजन उतरवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी पहिल्या पाहणीत एकही मुलगी नव्हती. दुसऱ्या पाहणीत ११.३ टक्के होत्या. तिथे फक्त दूरचित्रवाणीचा संच होता. आपल्याकडे प्रत्येक मुलीच्या हातात पडदा आहे आणि त्यावर पाहायला तिचे स्वतःचेच, फिल्टर लावलेले रूप आहे.

चित्र बिघडवू शकते तसे सुधारूही शकते. मराठी पडद्याने हे काम अधूनमधून केले आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला जब्या आपल्या रूपाची लाज घेऊन वावरतो आणि ती लाज त्याच्या जातीपासून वेगळी काढता येत नाही, हे तो सिनेमा विसरू देत नाही. सचिन कुंडलकर यांच्या ‘वजनदार’साठी (२०१६) सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी वजन वाढवले, एरवी नायिकांना ते कमी करावे लागते. ‘रंग माझा वेगळा’ या मालिकेने सावळी नायिका घरोघरी नेली. मात्र त्यासाठी अभिनेत्री रेश्मा शिंदे यांचा रंग मेकअपने गडद करावा लागला, यातच आपल्या दुखण्याचे निदान आहे. सावळेपणाची गोष्ट सांगायची आहे, पण सावळी मुलगी घ्यायची नाही!

फॅशनच्या जगातही भिंतीला भेगा पडू लागल्या आहेत. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकने ऑक्टोबरमधला संपूर्ण सोहळा पडद्यावर हलवला. रॅम्पची जागा फिल्मने घेतली आणि फॅशन फिल्म हा प्रकार आपल्याकडे रुळला. नंदिता दास यांनी २०१९ मध्ये ‘इंडियाज गॉट कलर’ ही छोटी फिल्म वर्णभेदावर केली. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमधल्या जशपूर जिल्ह्यातली आदिवासी मॉडेल रेनी कुजूर २०१८ मध्ये देशभर गाजली. पण गाजली ती एका परदेशी गायिकेसारखी दिसते म्हणून. आपल्या सावळ्या मुलीला सुंदर म्हणण्यासाठीही बाहेरच्या कुणाचा तरी दाखला लागतो.

एवढ्याने बाजार बदलला असे समजू नये. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये ‘फेअर’ शब्द काढून ‘ग्लो’ घेतला. त्याच वर्षी एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने वधू-वरांची रंगानुसार निवड करण्याची सोय काढून टाकली. शब्द बदलले. जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्येच सावळ्या व्यक्तीला दुःखी किंवा नाकारलेली दाखवू नये असे सांगितले होते, तेव्हा दुःखी चेहरे गेले, ‘निस्तेज’ चेहरे आले. गोरेपणाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना तुरुंगवासाच्या शिक्षेचा मसुदा फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने मांडला, तो मसुदाच राहिला.

आपल्या हातात काय आहे?

पहिले काम डबीचे. उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटक छापलेले नसलेले क्रीम कितीही ‘गुणकारी’ असले तरी घेऊ नये. घटकांत मर्क्युरी, कॅलोमेल, किंवा शेवटी ‘सोन’ अथवा ‘सोल’ येणारी नावे दिसली की थांबावे. हे नाव स्टिरॉइडचे असू शकते, डॉक्टरांना विचारावे. स्टिरॉइड बरेच दिवस लावले असेल तर ते एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. पाऱ्याचा संशय असेल तर मात्र लावणे लगेच थांबवावे आणि लघवीतल्या प्रथिनांची साधी तपासणी करून घ्यावी. डबी फेकू नये, बंद पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यावी.

दुसरे काम मापाचे. लग्न ठरले की फोटोआधी हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करावी, मुलाचीही आणि मुलीचीही. सिकलसेलची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, पुढच्या तपासण्यांसाठी गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोघेही वाहक निघाले तर होणाऱ्या मुलांना आजाराचा धोका चारात एक असतो. पत्रिकेपेक्षा हा कागद महत्त्वाचा आहे. दिसण्याच्या चिंतेने जेवण, झोप, घराबाहेर पडणे सुटू लागले असेल तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

तिसरे काम कॅमेऱ्याचे आणि ते गोंदियातल्या स्टुडिओवाल्यांना, मेकअप करणाऱ्यांना आणि नवरा-नवरीला मुंबईची वाट न पाहता करता येईल. गोरे करण्यासाठी एक्स्पोजर वाढवण्याऐवजी सावळ्या त्वचेसाठी प्रकाशयोजना शिकता येते. सकाळच्या तिरप्या उन्हात सावळा रंग जितका खुलतो तितका भर दुपारी कुठलाच खुलत नाही. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेत हजारो गोंड स्त्रिया येतात. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांच्या हातांवरचे, कपाळावरचे गोंदण हा मेल्यानंतरही सोबत येणारा दागिना मानला जातो. काळ्याभोर त्वचेवरचे ते हिरवे-निळे ठिपके टिपायचे तर त्वचा आहे तशी दिसावी लागते. उजळ केली की गोंदणही पुसले जाते.

पुढच्या वेळी एडिटिंगच्या टेबलावर कुणी म्हणाले, ‘जरा उजळ करू का?’ तर नवरीच्या आईनेच म्हणावे, ‘नको, आमची पोर ओळखू यायला पाहिजे.’ एवढे एक वाक्य कित्येक डब्या घराबाहेर ठेवील.